चुकलेले वाक्य दुरुस्त करताना: शुद्धलेखनाच्या सरावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षे मी मराठी शिकवते आणि छापायला जाणाऱ्या मजकुराची मुद्रिते तपासते. दर शनिवारी दुपारी माझ्याकडे पाच-सात मुले आणि दोन-तीन मोठी माणसे वह्या घेऊन बसतात. चुकलेली वाक्ये समोर ठेवायची, ती दुरुस्त करायची आणि का केली ते सांगायचे, एवढाच आमचा उद्योग. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

अवघड शब्दांची यादी पाठ केली की झाले. त्यासाठी वाक्ये कशाला?

मराठी शब्द यादीत एक असतो आणि वाक्यात दुसराच होतो, म्हणून. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे पाहा: दूध, तूप, मीठ, पीठ, गूळ. सगळ्यांचे पहिले अक्षर दीर्घ. आता त्यांना कामाला लावा. दुधात साय धरली. तुपाला वास येतोय. मिठाचा खडा लागला. पिठात पाणी जास्त झाले. पुरणाला गुळाचा गोडवा हवा. प्रत्यय लागला आणि पाचही अक्षरे ऱ्हस्व झाली. यादी मन लावून पाठ केलेले मूल 'दूधात' आणि 'गूळाचा' लिहिते, आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतो. खरे तर ते यादीशी प्रामाणिक राहिलेले असते. यादीने त्याला अर्धीच गोष्ट सांगितली होती.

पुढची गंमत अशी, की पीठ म्हणजे कणीक किंवा बेसन असेल तर 'पिठात', पण 'विद्यापीठात' आणि 'व्यासपीठावर' मात्र दीर्घच. तिथला 'पीठ' संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे आणि तत्सम शब्दांना हा बदल लागू होत नाही. "विद्यापिठात प्रवेश सुरू" अशी पाटी मी पाहिली आहे. तो शब्द सुटा विचारला असता तर लिहिणारा कदाचित चुकला नसता. चूक वाक्यात झाली, तेव्हा सरावही वाक्यातच व्हायला हवा.

हे नियम ठरवले कोणी?

आज जे नियम पाळले जातात ते मराठी साहित्य महामंडळाचे. महामंडळाने तयार केलेले 14 नियम राज्य शासनाने 1962 साली स्वीकारले, 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. एकूण 18. पाठ्यपुस्तके, शासकीय कागदपत्रे, परीक्षा हे सगळे त्यांवर चालते. अठरा ही संख्या ऐकून दचकू नका. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचे बदललेले रूप) यांचे सात-आठ नियम हाडीमाशी मुरले, की रोजच्या लेखनातल्या बहुतेक चुका आपोआप गळतात. बाकीचे प्रसंगाने लागतात.

एक वाक्य पूर्ण दुरुस्त करून दाखवाल का?

अवश्य. अशा प्रकारचे वाक्य अभिनंदनाच्या फलकांवर गावोगाव दिसते:

"आपल्या गावातील विद्यार्थीनीनी क्रिडा स्पर्धेत उज्वल यश मिळवल्या बद्दल त्यांचे हार्दीक अभिनंदन"

आमच्या वर्गात पहिला नियम असा, की पेन खाली ठेवायचे आणि वाक्य मोठ्याने वाचायचे. डोळा चुकीवरून घसरतो, कान कधीकधी अडतो. मग एकेक शब्द घ्यायचा.

'विद्यार्थीनीनी' या एका शब्दात दोन चुका आहेत. मूळ संस्कृत शब्द 'विद्यार्थिन्'. एकटा असताना मराठीत 'विद्यार्थी' असा दीर्घ होतो, पण पुढे काही जोडले गेले की मूळचा ऱ्हस्व परत येतो: विद्यार्थिनी, विद्यार्थिमंडळ. तसेच पक्षी पण पक्षिमित्र, गुणी पण गुणिजन. दुसरी चूक अनुस्वाराची. मुली अनेक आहेत, म्हणून प्रत्ययाच्या आधी अनुस्वार हवा: विद्यार्थिनींनी. हा अनुस्वार गेला, की एकीचेच अभिनंदन होते आणि बाकीच्या मुली उगीच बाहेर उभ्या राहतात.

'क्रिडा' नव्हे, क्रीडा. आणि 'क्रीडास्पर्धा' हा समास आहे, तो एका शब्दात लिहायचा. 'उज्वल' हा शब्दच नाही. उत् आणि ज्वल यांचा संधी होऊन 'उज्ज्वल' झाला. त्यातला एक ज 'उत्'च्या त् चा आहे, तो टाकून कसे चालेल? 'मिळवल्या बद्दल' मध्ये 'बद्दल' हे शब्दयोगी अव्यय आहे. नावातच योग आहे, तेव्हा ते शब्दाला जोडूनच येते: मिळवल्याबद्दल. 'हार्दीक' मधला प्रत्यय 'इक', तो नेहमी ऱ्हस्व: हार्दिक, सामाजिक, आर्थिक, शैक्षणिक, वार्षिक. शेवटी विरामचिन्ह नाही. अभिनंदन आहे, उद्गारचिन्ह शोभते. एकच.

"आपल्या गावातील विद्यार्थिनींनी क्रीडास्पर्धेत उज्ज्वल यश मिळवल्याबद्दल त्यांचे हार्दिक अभिनंदन!"

एका ओळीत आठ दुरुस्त्या झाल्या. प्रत्येकीला कारण आहे, आणि माझा सगळा आग्रह या कारणासाठी आहे. "ऐकायला बरे वाटते म्हणून" असे कोणी सांगितले, तर ती दुरुस्ती बरोबर असली तरी आम्ही ती मोजत नाही. कारण कळले, की 'उज्ज्वल'चा उलगडा 'तज्ज्ञ' सोडवायला उपयोगी पडतो (तद् अधिक ज्ञ), 'विद्यार्थिनी'चा 'पक्षिमित्र' लिहायला. कारणाशिवाय केलेली दुरुस्ती त्या एका वाक्यापुरतीच राहते.

रोज किती वाक्ये सोडवावीत?

पाच. पन्नास सोडवली, की हात चालतो आणि डोके झोपते.

वही कशी ठेवू?

डावीकडे चुकलेला शब्द, लगेच आडवी रेघ मारून खोडलेला. शेजारी बरोबर रूप, पूर्ण आणि स्वच्छ. त्यापुढे दोन-तीन शब्दांत कारण: 'अनेकवचन', 'तत्सम, बदल नाही', 'जोडून'. महिन्याने मागे वळून पाहिले, की तेच कारण दहा ठिकाणी लिहिलेले सापडते. तो तुमचा कच्चा दुवा. मग त्या एकाच प्रकारची वाक्ये आठवडाभर घ्या. प्रत्येकाच्या चुकांचा एक स्वभाव असतो. कोणाचे अनुस्वार हरवतात, कोणाची अव्यये सुटी पडतात, कोणी सगळेच दीर्घ लिहितो.

ऱ्हस्व-दीर्घ काही केल्या लक्षात राहत नाही. सोपी वाट आहे का?

आडवाट नाही, पण वाट सरळ आहे. शब्दाच्या शेवटापासून सुरुवात करा.

शेवटचे अक्षर इकारान्त किंवा उकारान्त असेल तर दीर्घ: कवी, मती, गुरू, पाटी, लाडू. संस्कृतात 'कवि' आणि 'गुरु' असले, तरी मराठीत सुटे लिहिताना दीर्घच. अपवाद मोजके: आणि, नि, परंतु, तथापि यांसारखी अव्यये. समासात असा शब्द आधी आला, की मूळ ऱ्हस्व टिकतो: कविसंमेलन, गुरुदक्षिणा, बुद्धिवैभव. मुळातच दीर्घ असेल तर दीर्घ: लक्ष्मीपुत्र.

मग शेवटून दुसरे अक्षर, म्हणजे उपान्त्य. शब्द अकारान्त आणि मराठी असेल तर ते दीर्घ: गरीब, वकील, बहीण, जमीन, वीट, सून, फूल. आणि प्रत्यय लागून सामान्यरूप झाले की ऱ्हस्व: गरिबाला, वकिलाचा, बहिणीकडे, जमिनीत, विटेवर, सुनेला, फुलांचा. गावांच्या नावांतला 'पूर' सुटा असताना दीर्घच, आणि गावात शिरलात की ऱ्हस्व: नागपूर पण नागपुरात, सोलापूर पण सोलापुरात.

तत्सम शब्दांचे उपान्त्य अक्षर मात्र दोन्ही वेळी, सुटे असताना आणि प्रत्यय लागल्यावरही, मूळ रूपाला धरून असते. गुण, विष, मंदिर ऱ्हस्वच राहतात. शरीर, गीत, सूत्र दीर्घ असतात आणि शरीरात, गीताचा, सूत्राने असे लिहितानाही दीर्घच राहतात.

"पण तत्सम कोणता हे ओळखायचे कसे?" हा पुढचा प्रश्न असतोच, आणि तो रास्त आहे. ज्याला संस्कृत शिकायला मिळाले नाही त्याच्यावर हा नियम जड पडतो, हे मी मनापासून मान्य करते. मी मुलांना शब्द उकलायला शिकवते. 'परीक्षा' म्हणजे परि अधिक ईक्षा. ईक्षा म्हणजे पाहणे. दोन इ एकत्र आल्या, म्हणून दीर्घ. हीच ईक्षा निरीक्षण, समीक्षा, प्रतीक्षा यांत बसली आहे, म्हणून ते सगळे दीर्घ. 'परिस्थिती' आणि 'प्रतिष्ठा' यांत ती नाही, म्हणून 'रि' आणि 'ति' ऱ्हस्व. एका मुलीने हे ऐकल्यावर स्वतःहून 'अपेक्षा' उकलली, अप अधिक ईक्षा, आणि "म्हणजे इथे ई चा ए झाला!" असे ओरडली. त्या दिवशी मी पुढचे वाक्य घेतलेच नाही.

ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर अर्थ थोडाच बदलतो?

बऱ्याचदा बदलतो. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब बिचारा. शिर म्हणजे डोके, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. पिक म्हणजे कोकीळ, पीक शेतातले. "शिक्षक दीन साजरा झाला" असे छापून आले, तर मला वाईट वाटते, कारण ज्यांचा सन्मान करायचा त्यांनाच आपण दीन ठरवतो.

अनुस्वार नेमका कुठे द्यायचा?

स्पष्ट उच्चार होतो तिथे (चिंच, आंबा, संयम), आणि अनेकवचनी नामाला किंवा सर्वनामाला प्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय लागताना (मुलांना, घरांसमोर, त्यांच्याकडे). आदरार्थी बहुवचन असेल तिथेही हवा: मुख्याध्यापकांचे भाषण, आजोबांची काठी. 'आजोबाची काठी' वाचले, की मला कोणीतरी आजोबांना अरेतुरे केल्यासारखे वाटते.

सरावाला एक जोडी नेहमी देते: 'घरात दिवे लागले' आणि 'घरांत दिवे लागले'. पहिल्यात एक घर, दुसऱ्यात सगळी आळी. दुसरी जोडी 'वेदांत' आणि 'वेदान्त' यांची. पहिल्याचा अर्थ वेदांमध्ये, दुसरा शब्द तत्त्वज्ञानाचे नाव.

आजोबांच्या जुन्या पत्रांत 'केलें', 'नांव', 'कांहीं' असे लिहिले आहे. त्यांचे शुद्धलेखन कच्चे होते का?

मुळीच नाही. उलट ते त्यांच्या काळचे नियम काटेकोर पाळत होते. हे अनुस्वार उच्चारात नसले, तरी शब्दाची व्युत्पत्ती किंवा लिंग-वचन-विभक्ती दाखवायला दिले जात. 1962 च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. जुने पत्र हाती आले तर ते दुरुस्त करायला बसू नका. फार जुन्या साहित्याबद्दल तर नियमांतच सांगितले आहे, की केशवसुतांपूर्वीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणेच छापावे.

'केले' लिहू की 'केलं'?

कथेत किंवा संवादात पात्र बोलत असेल तर 'असं केलं, मी म्हटलं' असे लिहायला नियमांची परवानगी आहे. अर्ज, अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका यांत 'असे केले, मी म्हटले'. मला खटकते ती सरमिसळ: एका ओळीत 'सांगितले', पुढच्या ओळीत 'दिलं'. सराव म्हणून बोलीतला एक परिच्छेद घ्या आणि लेखी रूपात आणा. "मग मी त्याला सगळं सांगितलं, पण त्याचं लक्षच नव्हतं" या वाक्यात किती टिंबे बदलतात ते मोजा.

विरामचिन्हांचा सराव कसा करायचा?

हा माझा सर्वांत आवडता भाग, आणि शाळेत सर्वांत घाईने उरकला जाणारा.

आधी थोडे मागे जाऊ. मराठी पूर्वी ज्या मोडी लिपीत लिहीत, तिच्यात आधी ओळभर शिरोरेघ ओढत आणि तिला टांगून अक्षरे सलग लिहीत. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपले ते अर्थावरून कळायचे. एकोणिसाव्या शतकात छपाई आली, इंग्रजी ग्रंथांशी ओळख झाली आणि मराठीत विरामचिन्हे रुजली. त्याचे श्रेय मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामातले सहकारी मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे ही चिन्हे मराठीत तशी अलीकडची, पण आता त्यांच्यावाचून पान हलत नाही.

आमच्या जिन्यातल्या फळ्यावर एकदा सूचना होती: "उद्या पाणी येणार नाही भरून ठेवावे". मी ती तशीच वर्गात लिहिली. "नाही" नंतर स्वल्पविराम दिला, की सूचना नीट कळते. एका मुलाने तो "येणार" नंतर देऊन वाचून दाखवला: "उद्या पाणी येणार, नाही भरून ठेवावे." बादल्या रिकाम्या ठेवायच्या की भरायच्या, हे एका स्वल्पविरामाने ठरले. पूर्णविराम हवा असे एका काकूंचे म्हणणे पडले, आणि तेही बरोबर आहे: "उद्या पाणी येणार नाही. भरून ठेवावे."

तसेच हे: "माझे मामा डॉक्टर आणि शेजारी आले होते." किती माणसे आली? 'मामा' नंतर स्वल्पविराम दिला तर तिघे. न दिला तर मामाच डॉक्टर, म्हणजे दोघे. असे वाक्य दिले, की मुले चिन्हे पाठ करत नाहीत, माणसे मोजतात.

काही ठरलेल्या चुका सांगून ठेवते. मराठीत वाक्याच्या शेवटी टिंब येते, हिंदीसारखा उभा दंड नाही. चिन्हाच्या आधी जागा सोडायची नाही, नंतर सोडायची. 'की' नंतर स्वल्पविराम देण्याची सवय फार पसरली आहे: "तो म्हणाला की, उद्या येतो." 'की' हा पुढच्या वाक्याचा सोबती आहे, त्याला मागे का अडकवायचे? "तो म्हणाला, की उद्या येतो" असे लिहा किंवा स्वल्पविराम गाळा. उद्गारचिन्हे तीन-तीन देऊ नयेत. आणि जोडशब्दातली छोटी रेघ (आई-वडील, ये-जा) म्हणजे संयोगचिन्ह. वाक्य मध्येच तुटते किंवा पुढे खुलासा येतो तिथली लांब रेघ म्हणजे अपसारणचिन्ह. दोन्हींची लांबी वेगळी आणि काम वेगळे.

शब्द सगळे बरोबर असूनही वाक्य चुकते का?

हो, आणि ही चूक शोधणे जास्त कठीण. "मी तुझी मदत करतो" या वाक्यात एकही शब्द चुकीचा लिहिलेला नाही, पण रचना हिंदीची आहे. मराठीत मदत 'ला' होते: मी तुला मदत करतो. "ती मला बोलली, की ये" इथे 'म्हणाली' हवे. लेखनात पुस्तक मिळते, माणूस भेटतो. 'लोकं' नव्हे, 'लोक'. "मी दोन पुस्तके वाचली" बरोबर, पण "मी एक पुस्तक वाचली" चूक, कारण आपले पुस्तक नपुंसकलिंगी आहे: "वाचले". शेवटी अतिरेकाची चूक राहते. 'गाईचे गोमूत्र', 'पिवळा पीतांबर', 'पुन्हा पुनरागमन', 'कृपया येण्याची कृपा करावी' यांत एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

मग आमच्या गावची भाषा चुकीची का?

नाही. हे मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. सोलापूर-लातूरकडचे मूल "मी काम केलो" म्हणते, विदर्भातले "पानी" म्हणते. ती त्याच्या आजीची भाषा आहे. घरात आणि गावात तिला पूर्ण मान आहे, कथेत आणि कवितेत तर ती सोन्यासारखी आहे. सर्वांनी सर्वांचे वाचावे म्हणून एक सामाईक लेखनपद्धत ठरवली आहे, तिला आपण प्रमाणलेखन म्हणतो. 'शुद्धलेखन' हा शब्द तोंडात बसला आहे, म्हणून मीही वापरते, पण त्यामुळे बाकीचे अशुद्ध ठरते असे कोणाला वाटणार असेल तर 'प्रमाणलेखन' हाच शब्द बरा. मुलाच्या वहीत "मी काम केलो" दिसले, तर मी ते खोडत नाही. शेजारी लिहिते: "लेखनात: मी काम केले." चारचौघांत हसे झालेले मूल नंतर चुकत नाही असे नाही, ते लिहायचेच थांबते.

मुलांना चुकीची वाक्ये दाखवली, तर तीच डोक्यात बसणार नाहीत का?

ही भीती खरी आहे आणि ती मला माझ्याच चुकीतून कळली. सुरुवातीच्या वर्षांत मी फळ्यावर 'आशिर्वाद' असे लिहून "चूक शोधा" म्हटले आणि दुसऱ्या विषयाच्या गडबडीत तो शब्द तासभर तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात चार वह्यांत 'आशिर्वाद' आला, आधी नीट लिहिणाऱ्या मुलांच्याही. तेव्हापासून माझा नियम: चुकीचे रूप कमीत कमी वेळ दिसावे, सापडताच खोडावे आणि बरोबर वाक्य पूर्ण पुन्हा लिहावे. नुसता 'शी' बदलून पुढे जायचे नाही. "आजीने आशीर्वाद दिला" हे सबंध हाताखालून गेले पाहिजे. अगदी लहान मुलांना, साधारण तिसरीपर्यंत, मी चुकीची वाक्ये देतच नाही. त्यांना चांगले वाक्य ऐकवून लिहायला लावते.

सरावाला वाक्ये आणायची कुठून?

आजूबाजूला पाहा. लग्नपत्रिका, मंडळांचे फलक, सोसायटीच्या सूचना, मोबाइलवर फिरणारे सुविचार. नावे आणि पत्ते झाकून वाक्य घ्यायचे. पण सर्वांत कसदार साहित्य म्हणजे तुम्हीच महिन्यापूर्वी लिहिलेले पान. ताजे लिहिलेले आपल्याला बरोबरच दिसते, कारण आपण मनातले वाचतो. महिन्याने तेच पान परक्याचे होते.

दहावीला किंवा स्पर्धा परीक्षेला याचा उपयोग होतो का?

होतो. दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत लेखननियम आणि विरामचिन्हे यांवर थेट कृती असतात, स्पर्धा परीक्षांतही वाक्यशुद्धी विचारतात. फक्त पर्यायांतून बरोबर शब्द निवडणे आणि स्वतः बरोबर लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी जमली, की पहिली जमतेच.

मोबाइलवर 'शेतकऱ्याला' उमटत नाही, 'शेतकर्याला' होते. चालेल का?

नाही, तो वेगळा शब्द होतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांतल्या. "आचार्यांना बोलवा" म्हटले तर गुरुजी येतील, "आचाऱ्यांना बोलवा" म्हटले तर स्वयंपाकी. संगणकावर इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक) असेल तर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबा, 'ऱ' उमटतो. मग हलन्त आणि य. मोबाइलवरच्या कळफलकातही 'ऱ' सहसा 'र' दाबून धरल्यावर सापडतो. यंत्राने सुचवलेला शब्द डोळे मिटून घेऊ नका. 'महत्व', 'सहस्त्र', 'स्त्रोत' हे शब्द लोक इतक्यांदा लिहितात, की सुचवणीतही तेच येतात. बरोबर रूपे महत्त्व, सहस्र, स्रोत. 'स्त्री' मधला त 'स्रोत' मध्ये नाही.

शेवटी थोडी वाक्ये द्याल का?

सात देते. आधी वहीत सोडवा, कारणांसह.

1. आईच्या आशिर्वादाने मी परिक्षेत पहिला आलो.
2. सोलापूरात दूधाचे भाव वाढले पण शेतकर्याला त्याचा फायदा भेटला नाही
3. अनेक तज्ञ व्यक्तिंनी या विषयाचे महत्व सांगितले.
4. सभेला सहस्त्र लोकं उपस्थीत होती.
5. ताई म्हणाली की, तू माझी मदत कर.
6. माझ्या अपरोक्ष त्यानी माझी निंदा केली.
7. गुरुजींनी गुरूंचे चरित्र सांगितले.

पहिल्यात 'आशीर्वादाने' आणि 'परीक्षेत'. दुसऱ्यात 'सोलापुरात', 'दुधाचे', 'वाढले' नंतर स्वल्पविराम, 'शेतकऱ्याला', 'मिळाला' आणि शेवटी पूर्णविराम. तिसऱ्यात 'तज्ज्ञ', 'व्यक्तींनी', 'महत्त्व'. चौथे पूर्ण असे: "सभेला सहस्र लोक उपस्थित होते." पाचवे दोन प्रकारे: "ताई म्हणाली, की तू मला मदत कर" किंवा अवतरणचिन्हांत तिचेच शब्द. सहाव्यात 'अपरोक्ष' म्हणजे डोळ्यांसमोर, अर्थ नेमका उलटा झाला. 'परोक्ष' हवे. आणि 'त्यानी' असे रूपच नाही: एक असेल तर त्याने, अनेक किंवा आदरणीय असतील तर त्यांनी. निंदा कोणी केली हे लिहिणाऱ्यालाच विचारावे लागेल.

सातव्यात काहीही चूक नाही. 'गुरुजी' मध्ये 'जी' जोडला आहे, म्हणून 'रु' ऱ्हस्व. 'गुरूंचे' मध्ये सुट्या 'गुरू' ला प्रत्यय लागला आहे, म्हणून 'रू' दीर्घ. प्रत्येक संचात मी असे एक वाक्य ठेवते, आणि सर्वांत जास्त खाडाखोड त्याच्यावरच झालेली असते.